गाडीआधी प्लग

इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची म्हणून विचारायला येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो : एका चार्जमध्ये किती पळते? पेट्रोलच्या गाडीला आपण वर्षानुवर्षे ‘अ‍ॅव्हरेज किती देते’ असे विचारत आलो, त्या सवयीतून आलेला हा प्रश्न आहे आणि त्याला चुकीचे म्हणता येणार नाही. पण इलेक्ट्रिक दुचाक्यांची दुरुस्ती आणि त्यांच्या चार्जिंगचे पॉइंट बसवून देणे या कामात रोज ज्या गाड्या आणि ज्या भिंती समोर येतात, त्यांवरून माझे मत वेगळे झाले आहे. गाडी सुखाची होणार की डोक्याला ताप होणार, हे रेंजवर फारसे ठरत नाही. गाडी रात्री कुठे उभी राहते, तिथे विजेचा पॉइंट आहे का आणि तो कोणाच्या मीटरचा आहे, यावर ते ठरते. कंपनी, मॉडेल, बॅटरीचा आकार, स्क्रीन, रंग हे सगळे त्यानंतरचे. ज्याच्याकडे स्वतःच्या मीटरचा, अर्थिंग असलेला, पावसापासून आडोशाचा प्लग आहे, त्याला बाजारातली बऱ्यापैकी कुठलीही गाडी चालते. ज्याच्याकडे तो नाही, त्याला दीड लाखाची गाडीसुद्धा महिन्या-दोन महिन्यांत नकोशी होते. म्हणून शोरूमला जाण्याआधी वायरमनला बोलवा, हा माझा सल्ला. शोरूमवाल्यांना तो आवडत नाही, हे ओघाने आलेच.

रेंजच्या आकड्याचे आधी पाहू, कारण सगळी बोलणी तिथेच अडतात. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या करणारी संस्था आहे. अशा संस्थांत गाडी रोलरवर चढवून ‘इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ नावाच्या ठरावीक क्रमाने पळवतात. त्या क्रमात सर्वांत जास्त वेग ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी वेग २२ च्या आसपास असतो. मागच्या सीटवर कोणी नाही, खड्डा नाही, सिग्नल सुटताच पुढे घुसायची घाई नाही. जाहिरातीतला आकडा बहुधा या चाचणीचा असतो, त्यामुळे रस्त्यावर त्याच्या पाऊण पट मिळाले तर कंपनीने फसवले असे मानायचे कारण नाही. आपला हिशेब आपल्याला घरीच करता येतो. शहरात नेहमीच्या वेगाने एका किलोमीटरला साधारण ३० ते ३५ वॅट-तास वीज लागते. म्हणजे ३ किलोवॅट-तासांच्या, म्हणजेच तीन युनिटांच्या बॅटरीवर ८५ ते १०० किलोमीटर होतात, आणि शेवटचे वीस टक्के राखून ठेवले तर सत्तर ते ऐंशी. धायरीहून शिवाजीनगरला रोज जाऊन-येऊन पंचवीसेक किलोमीटर होतात. हडपसरहून हिंजवडी गाठणाऱ्याचे दोन्ही वेळचे मिळून साठच्या घरात जातात, आणि तेही या हिशेबात बसते. इथे एक गैरसमजही काढून टाकायला हवा. घाट चढला की बॅटरी संपते असे लोक मानतात, कारण चढावर स्क्रीनवरचा पॉवरचा काटा वर जाताना दिसतो. दोघांसह अडीचशे-पावणेतीनशे किलोचा भार शंभर मीटर उंच चढवायला, मोटरमध्ये वाया जाणारी वीज धरूनही, शंभर वॅट-तासांच्या आतच खर्च होतो. सपाट रस्त्यावरचे तीन किलोमीटर, एवढाच तो तोटा. खरी चोरी वेग करतो. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ४० चे ६० केले की तो सव्वादोन पट होतो. बायपासवरून सुसाट जाणाऱ्याची रेंज निम्म्यावर का येते, याचे उत्तर कात्रजच्या चढात शोधून सापडणार नाही.

आता या हिशेबाची दुसरी बाजू. रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला जेमतेम दीड युनिट वीज लागते, म्हणजे तीन युनिटांच्या बॅटरीची अर्धी. ती भरायला घरच्या चार्जरला दोन-सव्वादोन तास पुरतात, आणि गाडी रात्री आठ ते सकाळी आठ नुसतीच उभी असते. घरी प्लग असलेल्या माणसाला सकाळी गाडी रोज भरलेली मिळते. त्याला चार-पाच युनिटांची महाग बॅटरी घेऊन फायदा काय? जास्त किंमत, जास्त वजन आणि स्टँडवर चढवताना जास्त दमछाक. मोठी बॅटरी हवीशी वाटते ती ज्याला तीन दिवसांतून एकदाच चार्जिंग जमणार असते त्याला, आणि गंमत अशी की त्याचा मूळ प्रश्न त्या बॅटरीने सुटत नाही, तीन दिवसांनी पुढे ढकलला जातो. रेंजची म्हणून जी काळजी लोक बोलून दाखवतात, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा प्लगची काळजी असते. ती ओळखली नाही की माणूस वीस-पंचवीस हजार रुपये चुकीच्या जागी घालतो. त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यात खाली पार्किंगमध्ये पक्का पॉइंट बसला असता.

पक्का पॉइंट म्हणजे काय, हे जरा बारकाईने सांगतो, कारण या विषयात सगळ्यात कमी बोलले जाते ते यावर. दुचाकीचा चार्जर साधारण ६५० ते ८०० वॅटचा असतो. २३० व्होल्टला तो तीन-साडेतीन अँपिअर ओढतो. ‘आमची इस्त्री हजार वॅटची, ती चालते, मग चार्जर का नाही चालणार?’ असे लोक विचारतात, आणि आकड्यांपुरते त्यांचे बरोबरही आहे. फरक वेळेचा आहे. इस्त्री पंधरा-वीस मिनिटे चालते आणि तेवढ्यातही तिचा थर्मोस्टॅट तिला सारखा बंद-चालू करतो. चार्जर तास न् तास एकसारखा ओढतो. शिवाय गाडीची पिन रोज घातली-काढली जाते, वर्षाला तीनशेच्या वर वेळा, आणि सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्यांची पकड सैल होत जाते. पकड सैल झाली की त्या सांध्यात रोध येतो. समजा तो अर्धा ओहम आहे. साडेतीन अँपिअरला तिथे सहा वॅट उष्णता तयार होते. सहा वॅट ऐकायला किरकोळ वाटतात, पण नखाएवढ्या जागेत, बंद डब्यात, चार तास. अशा सॉकेटचे लक्षण ठरलेले : एका भोकाभोवती पांढरे प्लास्टिक आधी पिवळे, मग तपकिरी होते, आणि पिन काढल्यावर बोटाला चटका बसतो. एमसीबी पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. त्यामुळे ‘एमसीबी आहे, काळजी नाही’ या समाधानाला इथे अर्थ राहत नाही. उपाय साधा आहे. मोठ्या पिनचा सोळा अँपिअरचा सॉकेट, मीटरपासून थेट आणलेली अडीच एमएमची तांब्याची वायर, मध्ये कुठेही जोड नाही, स्वतंत्र एमसीबी आणि सोबत गळती पकडणारा आरसीसीबी. एक्स्टेंशन बोर्ड नको, आणि गुंडाळी न सोडता वापरलेला वायरचा रीळ तर अजिबात नको. त्याची उष्णता बाहेर जायला वाटच नसते.

अर्थिंगचे प्रकरण याहून मजेशीर. जुन्या वाड्यांत आणि जुन्या चाळींत तीन भोकांचा सॉकेट दिसतो, पण वरच्या मोठ्या भोकाला आत वायर जोडलेली असतेच असे नाही. वायरमन टेस्ट लॅम्पचे एक टोक फेजला आणि दुसरे अर्थला लावतो. दिवा नीट लागला तर निदान जोड आहे, मिणमिणला तर अर्थिंग कमजोर, लागलाच नाही तर ते भोक शोभेचे. काही चार्जर अर्थ न मिळाल्यास सुरूच होत नाहीत, आणि मग ‘चार्जर खराब निघाला’ म्हणून तक्रार येते. तो चार्जर खरे तर त्याला नेमून दिलेले काम करत असतो. जे चार्जर अर्थिंग नसतानाही मुकाट चालू होतात, त्यांची मला जास्त धास्ती वाटते. पावसाळ्यात याचे महत्त्व आणखी वाढते. ‘पावसात चालेल का हो?’ हा प्रश्न गाडीबद्दल विचारला जातो, आणि गाडीपुरते उत्तर दिलासा देणारे आहे : चांगल्या गाड्यांची बॅटरी आणि मोटर आयपी-६७ दर्जाची, म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडाली तरी टिकेल अशी असते. पण भिंतीवरच्या सॉकेटला आणि जमिनीवर ठेवलेल्या चार्जरला असा दर्जा असेलच असे नाही. तिरप्या पावसात पार्किंगच्या फरशीवर पाणी साचते तिथेच चार्जर ठेवलेला असतो. जून ते सप्टेंबर जपायचे ते याला. चार्जर छातीच्या उंचीवर टांगा, सॉकेटला झाकण बसवा, आणि गाडी धुताना प्रेशरचे पाणी चार्जिंग पोर्टवर मारू देऊ नका.

यावरचा पहिला आक्षेप सोसायटीचा. ‘कमिटी परवानगी देत नाही, मग बोलून काय उपयोग?’ आडमुठेपणाची उदाहरणे पुष्कळ आहेत, हे खरेच. पण कमिटीचा नकार बहुतेक वेळा दोन शंकांवर उभा असतो : वीज कोणाच्या बिलात जाणार, आणि आग लागली तर जबाबदार कोण. पहिलीचे उत्तर वायर स्वतःच्या मीटरवरून घेणे, किंवा सबमीटर. चार्जिंगसाठी महावितरण स्वतंत्र जोडणीही देते. दुसरीचे उत्तर वर सांगितलेले काम परवानाधारक वायरमनकडून करून घेऊन त्याचा कागद कमिटीला देणे. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली पांढरी वायर पाहून कोणताही चेअरमन बिथरेल, आणि त्याचे चुकते असे मी म्हणणार नाही. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे : बाहेर इतके चार्जिंग पॉइंट झाले आहेत, तर घरच्या प्लगचा एवढा बाऊ कशाला? याला अडचण अशी की दुचाकींच्या फास्ट चार्जरचे कनेक्टर अजून एकसारखे नाहीत. २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने हलक्या गाड्यांसाठी एका कनेक्टरला मानक म्हणून मान्यता दिली, पण सगळ्या कंपन्यांनी तोच वापरावा असे झालेले नाही. नकाशावर दिसणारा पॉइंट आपल्या गाडीला बसेल की नाही, हे तिथे गेल्यावरच कळण्याचा प्रसंग येतो. रोजच्यासाठी त्यावर विसंबायचे म्हणजे आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी कुठेतरी ताटकळत उभे राहायचे. साताऱ्याला किंवा लोणावळ्याला जाताना वाटेत पॉइंट असणे ही चांगली सोय आहे, पण ती सोय म्हणूनच धरावी.

तिसरा आक्षेप ज्याच्याकडे पार्किंगच नाही त्याचा, आणि तो टाळून चालणार नाही. पेठेतल्या गल्लीत, झोपडपट्टीत, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने काय करायचे? ज्याची बॅटरी काढून घरात नेता येते अशी गाडी हा एक मार्ग आहे. मात्र अशी एक बॅटरी दहा-बारा किलोची असते आणि गाडीत बऱ्याचदा दोन असतात. तिसऱ्या मजल्यापर्यंत रोज नेण्याची ताकद आणि तयारी आहे का, हे ज्याला न्यायची त्यानेच ठरवावे, शोरूममध्ये सोबत आलेल्या मेव्हण्याने नव्हे. झोपायच्या खोलीत बॅटरी चार्ज करू नये, दारातून बाहेर पडण्याच्या वाटेत तर मुळीच नाही. दुसरा मार्ग अदलाबदलीचा. तैवानमध्ये गोगोरोने २०१५ पासून शहरभर बॅटरी बदलण्याची ठाणी उभी केली आणि तिथे ती पद्धत रुळली. होंडाची २०२४ च्या अखेरीस जाहीर झालेली अ‍ॅक्टिव्हा-ई अशीच अदलाबदलीवर चालते, पण ठाणी असतील त्याच शहरात तिचा उपयोग. डिलिव्हरी करणाऱ्या मुलांसाठी भाड्याची, बॅटरी बदलून मिळणारी गाडी हिशेबात बसते, कारण दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर पळणाऱ्याला चार्जिंगसाठी थांबणे म्हणजे कमाई थांबवणे. या दोन्हींपैकी काहीच जमत नसेल, तर आज तरी पेट्रोलची गाडी ठेवावी. हे बोलायला मला संकोच वाटत नाही. प्लगशिवाय गाडी घेऊन पस्तावलेला माणूस पुढे चार जणांना इलेक्ट्रिकपासून परावृत्त करतो.

पैशांबद्दल थोडक्यात. दिवसाला चाळीस किलोमीटर आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरले, तर चार्जिंगमधली घट मिळवून महिन्याला चाळीस-बेचाळीस युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे शंभर, तीनशे, पाचशे युनिटांना बदलतात. आपले बिल टप्प्याच्या काठावर असेल तर ही वाढीव युनिटे वरच्या दराने लागतील, म्हणून मागची काही बिले काढून पाहावीत. तरीही युनिटला पंधरा रुपये धरले तरी सहा-साडेसहाशे होतात, आणि तेवढ्याच अंतराला लिटरला पंचेचाळीस देणारी पेट्रोलची गाडी तेवीस लिटर पिते. लिटर शंभराच्या पुढे गेलेले आहे, बाकी गुणाकार ज्याचा त्याने करावा. अनुदानावर मात्र मन बसवू नये. जून २०२३ मध्ये केंद्राने प्रति किलोवॅट-तास १५,००० चे अनुदान १०,००० वर आणि किमतीच्या ४० टक्क्यांची मर्यादा १५ टक्क्यांवर आणली, तेव्हा एका रात्रीत गाड्या महागल्या. पुढे ते आणखी घटले. आणि ‘लायसन्स नको, पासिंग नको’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त गाड्यांबाबत एवढेच : ती सूट २५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या गाडीला आहे. वेग वाढवून दिलेली तसली गाडी कायद्याने बेकायदा ठरते. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती. अपघातात विम्याचा प्रश्न येतो तेव्हा ही बचत फार महाग पडते.

आगीचा आणि बॅटरीच्या आयुष्याचा धाक अजून गेलेला नाही, आणि त्याला कारणे आहेत. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी रस्त्यावर आलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरींत शिशाच्या बॅटऱ्या होत्या. त्या वर्ष-दोन वर्षांत बसल्या, बॅटरीचा खर्च ऐकून गाड्या भंगारात गेल्या, आणि ‘बॅटरी गेली की गाडी गेली’ हे वाक्य तेव्हापासून टिकून आहे. लिथियम बॅटरीवर आता तीन वर्षांची, काही कंपन्यांकडे वाढवून आठ वर्षांची वॉरंटी मिळते. तिच्यात किती टक्के क्षमता राहिली तर बदलून देणार, हे मात्र वाचून घ्यावे. २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यासह देशात अनेक ठिकाणी स्कूटर पेटल्या, त्यात माणसेही गेली, आणि त्यानंतर बॅटरीसाठीचे एआयएस-१५६ हे नियम कडक होऊन डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. जुन्या साठ्यातली गाडी स्वस्तात मिळत असेल तर उत्पादनाची तारीख त्यासाठी पाहायची. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी प्रकारची बॅटरी तापण्याला जास्त दाद देत नाही, पण तेवढ्याच विजेला जड पडते. एनएमसी हलकी पण उष्णतेला नाजूक. विदर्भ-मराठवाड्यात जिथे मे महिन्यात गाडी दिवसभर उन्हात उभी राहते, तिथे मी वजन सोसून एलएफपी सुचवेन.

गाडी घरी आल्यावर पहिले काही आठवडे सवयी लागण्याचे असतात. मूठ पिळताच ओढ मिळते, क्लच नाही, इंजिनचा आवाज नाही, म्हणून पार्किंगमध्ये गाडी चालू आहे हे विसरून कोणी मूठ धरून ढकलतो आणि समोरच्या गाडीवर जातो. उतरायच्या आधी बंद करायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. आवाज नसल्याने रस्त्यातला माणूस आणि कुत्रे आपली दखल घेत नाहीत, तेव्हा शाळा-मंडईपाशी वेग आपणच कमी ठेवायचा. मूठ सोडल्यावर मोटर उलट ओढून वीज परत भरते, त्यामुळे ब्रेक पॅड जास्त टिकतात, पण मागचा टायर लवकर झिजतो आणि हवा कमी असेल तर रेंज लगेच घसरते. मोबाईलवरून शिकलेला ‘ऐंशी टक्क्यांच्या वर भरू नका’ हा सल्ला एनएमसीला लागू आहे. एलएफपीचे व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळपास एकच राहते, त्यामुळे गाडीला शिल्लक टक्के मोजताना चुकते. अधूनमधून पूर्ण भरली नाही तर स्क्रीनवर पंधरा टक्के दिसत असताना गाडी बंद पडू शकते. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावली आणि ते लगेच सुरू झाले नाही, तर घाबरू नये. बॅटरी थंड होण्याची ती वाट पाहते. दिवाळीला गावी जाताना गाडी पूर्ण भरून ठेवू नये, पूर्ण रिकामीही नको, निम्म्यावर ठेवावी. काही गाड्यांत लाइट-हॉर्नसाठी बारा व्होल्टची छोटी वेगळी बॅटरी असते. ती पंधरा-वीस दिवसांत उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही, आणि लोक मोठ्या खर्चाच्या भीतीने टेम्पोत घालून गाडी आणतात. छोटी बॅटरी चार्ज केली की काम झालेले असते.

भाड्याने राहणाऱ्याने मात्र एक गोष्ट धरून चालावी : त्याच्या गाडीची निवड प्रत्येक घरबदलीला नव्याने तपासली जाणार. नवे घर पाहताना पाण्याच्या वेळेसोबत पार्किंगमधल्या पॉइंटचे विचारून घ्यावे आणि करारात लिहून घ्यावे, कारण तोंडी ‘बघू या’ म्हणणारे घरमालक नंतर बघत नाहीत. तो पॉइंट मिळेना म्हणून गाडी विकायला काढणारे बरेच असतात, आणि म्हणून सेकंडहँड बाजारात कमी पळालेल्या चांगल्या गाड्या मिळतात. तिथे घेणाऱ्याने किलोमीटरच्या आकड्यावर भाळू नये. बॅटरी उरली किती याचा रिपोर्ट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवरून काढून घ्यावा, वॉरंटी नावावर होते का ते विचारावे, मूळ चार्जर सोबत मागावा, कारण नवा काही हजारांना पडतो, आणि विकणाऱ्याला सरळ विचारावे की तुम्ही गाडी चार्ज कुठे करत होता.